मोठ्या बाईंचा शोक

मोठ्या बाईंनी दाढीचा ब्रश विकत घेतला, तेव्हा मी बऱ्हाणपुरात नवीन होते. लग्न होऊन तिथल्या शनवारा भागात आले होते आणि सातवीची फायनल पास असल्यामुळे मुलींच्या शाळेत धाकटी बाई म्हणून लागले होते. नोकरी नवऱ्याच्या हौसेने मिळाली आणि सासूबाईंच्या कुरकुरीसकट टिकली. शाळेत आम्ही शिकवणाऱ्या मोजक्याच, आणि आम्हा सगळ्यांच्या वर मोठ्या बाई. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकाखेरीज कुठे कोणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही.

तर ब्रश. भरदुपारी चौकातल्या दुकानासमोर एक विधवा बाई, तीही मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण, छत्री मिटून उभी राहते, दुकानदाराने काढलेले ब्रश एकेक करून स्वतःच्या गालावर फिरवून बघते आणि म्हणते, "हा टोचते. याच्याहून मऊ दाखवा." संध्याकाळच्या आत ती बातमी आमच्या स्वयंपाकघरात आली होती. सासूबाई पोळी लाटता लाटता मला म्हणाल्या, "तुझ्या मोठ्या बाईंच्या घरात दाढी करणारं कोण आहे गं?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ चौकशीला आले. पावसाची, कापसाची, केळीच्या भावाची चौकशी झाली, पण ब्रशापर्यंत काही त्यांची गाडी येईना. शेवटी मोठ्या बाईच म्हणाल्या, "दाढीचं विचारायला आले ना तुम्ही? झाडाची करते. बसा, दाखवते." आणि त्यांनी खरंच दाखवली. खिडकीतली कुंडी समोर घेतली आणि एकेका पानावरची धूळ देठाकडून टोकाकडे ब्रशाने हलकेच झाडली. सगळी पानं होईपर्यंत ते गृहस्थ टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. जाताना त्यांनी नमस्कार केला तो बाईंना की झाडाला, ते मला सांगता येणार नाही.

झाड तसं डोळ्यांत भरण्यासारखं नव्हतं. उंची जवळजवळ नाहीच. वीतभर घेराचं, मातीला धरून गोल बसलेलं. पानं मात्र अशी की पाहणाऱ्याचा हात आपोआप पुढे जावा. जाड, गर्द हिरवी, खालून तांबूस, आणि वर बारीक मखमली लव. आमचं गाव किनखापाचं आणि जरीचं. कापड दिसलं की बोटांत धरून पोत बघायची सवय इथल्या पोरींना जन्मापासून असते. त्यामुळे शाळेतली प्रत्येक नवी मुलगी पहिल्या आठवड्यात त्या पानाचा पोत बघायला जायची आणि मागून आवाज यायचा, "डोळ्यानं पाह्य! हात काय डोळे हायेत का तुहे?"

बाई स्वतःही पानाला बोट लावत नसत. "आपल्या हाताला तेल असते, मीठ असते. आपल्याले नाही समजत, त्याले समजते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जांभळी, इवलाली फुलं आली की आम्ही कौतुक करायचो, तर त्या नाक मुरडायच्या. "फुलं का, सदाफुलीलेही येतात. पान पाहा." त्यांच्या मते फुलांवर भाळणारा माणूस कच्चा. मी फुलांवर भाळणारी होते आणि आजही आहे. त्यावरून आमचे खटके उडत.

या झाडाला शाळेत सगळे 'बाईंचा शोक' म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चरकले. शिपाई सहज म्हणाला, "बाई, जरा सरका, बाईंचा शोक उन्हात आलाय." मला वाटलं, कोणी गेलं की काय!

त्याची हकीकत मोठ्या बाईंनीच मला सांगितली. शाळा तपासायला खंडव्याहून एक मडम येत असे. उंच, लाल तोंडाची, डोक्यावर टोपी, हिंदुस्थानी बोलायची हौस दांडगी आणि जीभ मात्र लाकडाची. एकदा तपासणी संपल्यावर चहा घेता घेता तिने बाईंना विचारलं, "आपका शोक क्या है?"

बाई सांगत होत्या, "मी म्हनलं, हिले का करायच्या चौकशा? पन साहेबाचं राज्य, विचारलं तर सांगा लागते. मी सांगितलं, सोला साल की थी, आदमी गुजर गया. तशी तिचा कप हातातच राह्यला. मंग आपला शिपाई दारातून म्हनते, बाई, मडमसाब शौक पूछ रही हैं, शौक! मन किसमें लगता है, वो."

इतकं सांगून त्या हसल्या. मीही हसले. मग त्या म्हणाल्या, "हसू नको. शोक विचारला तर लगेच सांगता आला मले. शौक विचारला तर जीभच हालेना. काही नव्हतंच ना पोरी. कोनी विचारलंच नव्हतं कधी."

पुढच्या खेपेला मडम आली ती आगगाडीतून मांडीवर ही कुंडी घेऊन. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ये आपका शोक." नंतर ती बदलून कुठे दूर गेली, पुन्हा आली नाही. पण तिची जीभ जिथे वळली नाही तिथे आपण तरी का वळवावी, असं म्हणून बाईंनी तोच शब्द ठेवला.

मडमने जाताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, इसको सर्दी से बचाना. बऱ्हाणपुरात हिंदी न समजणारा माणूस सापडायचा नाही, तेव्हा सर्दी म्हणजे थंडी हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नव्हे. पण हिवाळा आला की त्या झाडाला वाफारा देत. अगदी माणसाला देतात तसा. पातेल्यात ओवा घातलेलं उकळतं पाणी, शेजारी बेताच्या अंतरावर कुंडी, आणि दोघांवर मिळून एक जुनं धोतर पांघरलेलं. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, तिला थंडी म्हणायचं होतं, पडसं नव्हे." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच शिंक यावी. "थंडी लागली का सर्दी होनार नाही? माह्या आईले झाली, तुह्या आईले झाली, याले नाही होनार?" आणि खरं सांगायचं तर झाड त्या वाफाऱ्याने टवटवीत व्हायचं. आमच्याकडची हवा कोरडी, ओठ फुटतात, आणि ते बिचारं कुठल्या तरी ओल्या डोंगरातलं. त्याला वाफ मानवत असली पाहिजे. ओव्याचा काय उपयोग झाला ते देव जाणे.

दुसरी गोष्ट पाण्याची. वरून पाणी घालायचं नाही. पानावर थेंब पडला की तिथे तपकिरी डाग उठतो आणि जात नाही. पाणी खालच्या बशीत ओतायचं, कुंडीने हवं तेवढं ओढून घ्यायचं, उरलेलं काढून टाकायचं. तेही ताजं गार पाणी नको, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. यातून बाईंनी शिकवण्याचंही एक शास्त्र काढलं होतं. एखादी नवी मास्तरीण तावातावाने शिकवायला लागली की वर्गाबाहेरून त्यांचा आवाज यायचा, "बाई, वरून ओतू नका! डाग पडते!" आम्हाला त्या वाक्याचा वीट आला होता.

उन्हाळ्यात तर विचारू नका. आमच्या गावचं ऊन माणसाला भाजून काढतं, तिथे त्या मखमलीचा काय पाड? चैत्र लागला की कुंडीचा मुक्काम पाणी पिण्याच्या माठांच्या मध्ये, ओल्या वाळूवर. खिडकीपासून माठांपर्यंत मधलं अंगण ओलांडावं लागे. मोठ्या बाई एका हातात कुंडी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन ते ओलांडत. छत्री कुंडीवर, आणि बाईंचं डोकं उन्हात.

अशी ही बाई. इन्स्पेक्टरला भीत नसे, कमिटीला भीत नसे, दुकानदाराला तर नाहीच. भीत असे ती हळदीकुंकवाच्या ताटाला. मला याचा फार राग यायचा. शाळेतल्या मुलीचं लग्न ठरलं की तिला लुगडं पाठवायच्या, पण मांडवात जायच्या नाहीत. रस्त्यात वरात दिसली की बोळात शिरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. आमच्या घरी कधी काही निरोप घेऊन आल्या, तरी उंबऱ्याबाहेरून बोलायच्या. मी एकदा म्हटलं, "तुम्ही मुलींना एवढ्या धीट करता, आणि स्वतः?" त्या म्हणाल्या, "त्या पोरींचं काही वाईट झालं तर लोक मले बोलतील, याचं काही नाही. पन ती पोरगीही मनात म्हनंल ना, बाई आल्या होत्या म्हनून. ते मले नाही चालनार."

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचे जसोंडी गावचे भाऊ आजारी पडले आणि बाईंना तिकडे जाऊन राहावं लागलं. त्या शाळेच्याच मागच्या खोलीत राहत, आणि सुट्टीत शाळेची कौलं परतायची होती. झाड कुठे ठेवायचं? आमच्या मागच्या पडवीत मोठा रांजण होता, सावली होती, ओल होती. मी तर माहेरी भुसावळला निघाले होते, पण सासूबाई हो म्हणाल्या. बाईंनी मागच्या दाराबाहेर उभं राहून त्यांना सगळं नीट समजावलं. शिळं पाणी, खालून, बेताने. सासूबाईंनी मान हलवली.

सुट्टी संपता संपता मी परत आले. टांगा दारात थांबला, तर जसोंडीची बैलगाडीही तिथेच सुटत होती आणि मोठ्या बाई छत्री उघडून उभ्या होत्या. आम्ही दोघी बोळातून मागे गेलो.

कुंडीला हळदीची आणि कुंकवाची बोटं ओढलेली होती. मातीत उदबत्तीची काडी खोचलेली, वर जास्वंदीचं फूल. आणि झाड मधोमध कुजून चिखल झालेलं, पानं डागांनी भरून आडवी पडलेली.

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण लबाडी नव्हती. "रोज अंघोळ झाली की पहिला तांब्या याला, बरं का. तुळशीच्याही आधी. पाहुणं ना ते! तुम्ही शिळं पाणी म्हणाला होतात, पण कुंडीतल्या झाडाला शिळं घालायचं माझ्याच्याने होईना हो. पाप लागेल. मग ते मलूल व्हायला लागलं, तशी मी आणखी घातलं. प्रदक्षिणासुद्धा घातल्या. त्याला काही लागू पडेना."

मी मोठ्या बाईंकडे बघायची हिंमत केली नाही. आता हाहाकार होणार, अशी माझी खात्री होती. पण त्या कुंडीसमोर उकिडव्या बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुंकू लावलं तुम्ही याले?"

"लावलं की. आपल्या घरी ठेवलेलं झाड कोरडं कसं ठेवू?"

"माहं होतं ना काकू ते," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी जीभ चावली. त्या वाक्यात राग नव्हता. बाईंना झाडाचं दुःख होतं की त्याला कुंकू लागल्याचं नवल होतं, ते त्या वेळी मला कळलं नाही. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

रांजणाच्या बाजूला, तांब्याची धार जिथे पोचत नसावी तिथे, एक पान धड राहिलं होतं. इतक्या वर्षांत बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा त्याला हात लावला. देठासकट पान खुडलं, दुसऱ्या लहान कुंडीत ओली वाळू भरून त्यात देठ खोचला आणि वर कंदिलाची काच पालथी घातली. पानफुटीचं पान मातीवर पडलं तरी रुजतं, हे आम्हाला माहीत होतं. हे रुजेल की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. "आता याले हालवायचं नाही," बाई म्हणाल्या.

"इथेच राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "मी बोटसुद्धा लावणार नाही. तुम्हीच येत जा. दार उघडं ठेवते."

शाळेकडे परतताना मी त्यांची समजूत घालायला लागले की, मडमला कुठे कळणार आहे. त्यांनी मला मध्येच तोडलं. "मडमचं नाही गं. हे गेलं आन् उद्या कोनी विचारलं, बाई तुमचं मन कशात हाये, तर मी पुन्हा तेच सांगू का? सोला साल की थी?"

मग रोज मधल्या सुट्टीत मोठ्या बाई बोळातून आमच्या पडवीत येऊ लागल्या. पहिले काही दिवस काच उचलून बघायचं, वाळू बोटाने चाचपायची आणि जायचं, एवढंच. मग सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहायला लागल्या. मग एक पाट आला, मग ताक आलं. आणि एक दिवस मी पाहिलं, सासूबाईंनी रात्री भरून झाकून ठेवलेलं पाण्याचं भांडं सकाळी देवघरासमोरून पदराआड धरून पडवीत नेलं. मी हसले तर म्हणाल्या, "हसतेस काय? देवांना सांगितलंय मी, ते आजारी आहे म्हणून."

पान मात्र तसंच होतं. मरत नव्हतं आणि काही करतही नव्हतं. आषाढ गेला.

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे सवाष्णी जेवायला होत्या. सासूबाईंना बाईंना आधी सांगायचं राहिलं, मीही शाळेच्या घाईत विसरले, आणि बाईंना तर असल्या वारांची आठवण ठेवायचं कारणच नव्हतं. नेहमीसारख्या आम्ही दोघी मागच्या बोळातून आलो. बाईंनी काच उचलली. देठाच्या बुडाशी, वाळूला चिकटून, उंदराच्या कानाएवढी दोन पानं आली होती. लव आतापासूनच दिसत होती.

"अवं काकू!" बाई केवढ्यांदा तरी ओरडल्या. "आलं! आलं पाहा!"

सासूबाई धावत आल्या आणि त्यांच्यामागून काय झालं म्हणून सगळ्या सवाष्णी. कपाळं माखलेली, डोक्यात गजरे, हातात फुटाणे. बाईंनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. पदर ओढून त्या भिंतीला लागल्या. "चुकलं. आठवन नाही राह्यली मले. मी जाते."

दोघीतिघींनी पदर सावरून पाऊल मागे घेतलं. सासूबाईंच्या हातात हळदीकुंकवाची कुयरी तशीच होती. त्यांनी वाकून ती दोन पानं पाहिली, बराच वेळ पाहिली. मग सरळ झाल्या आणि कुयरी मोठ्या बाईंसमोर धरली.

"लावा."

"मी?"

"कुंडीला लावा. माझ्या हातचं त्याला सोसत नाही, बघितलंत ना तुम्ही."

"काकू, असं नका करू. या बाया जेवायला आल्यात."

"जेवतील त्या. झाड तुमचं, वाढलंय तुमच्या हाताने. पहिलं कुंकू तुमचंच. लावा म्हणते ना मी."

माझ्या सासूबाई काही सुधारक नव्हत्या. पुढेही झाल्या नाहीत. शिळ्या पाण्याचं पाप त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. पण त्या दिवशी त्यांचा हात मागे झाला नाही. सवाष्णींतली एक वयस्कर बाई हातातले फुटाणे तिथेच ठेवून, न जेवताच पुढच्या दाराने निघून गेली. सासूबाईंनी तिला थांबवलं नाही. "सावकाश जा," एवढंच म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी अनामिका कुयरीत बुडवली. किती वर्षांनी, ते मी मनात मोजलंसुद्धा नाही. त्यांनी कुंडीच्या काठाखाली, पानांपासून जपून, एक टिळा लावला. मग सवयीने बोट पुसायला पदर धरला आणि थांबल्या. कुंकू पुसणं याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, आणि तो त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? बोट तसंच हवेत धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चाल, घंटा झाली असंल."

दुपारी माझा वर्ग त्यांच्या वर्गाशेजारी होता. मधलं दार उघडं होतं. मोठ्या बाई फळ्यावर डाव्या हाताने लिहीत होत्या आणि उजवा हात अंगापासून लांब धरला होता. वळणदार अक्षरासाठी पोरींच्या बोटांवर पट्टी मारणाऱ्या बाईंची अक्षरं वेडीवाकडी येत होती, ओळ खाली उतरत होती. मुली तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाईंनी त्यांना हसू दिलं.